मालमोटार-एंजिनाचे सागरी रूपांतर

मालमोटारीसाठी (ट्रकसाठी) बनविलेले एंजिन नौकेत, विशेषतः विहारनौकेत, बसविण्यायोग्य करून घेण्याची क्रिया. सिलिंडर, दट्टे, भुजादंड, झडपा इ. एंजिनाचे मुख्य भाग या रूपांतरात बहुधा मूळचेच राहतात. बदलावी लागते ती त्याभोवतीची व्यवस्था : शीतन, निष्कास (जळालेले वायू बाहेर नेण्याची सोय), वंगण, विद्युत् साहित्य आणि शक्ती पंख्यापर्यंत पोहोचविणारी यंत्रणा. एंजिन मिळविणे हा या कामातील सर्वांत सोपा व पुष्कळदा सर्वांत स्वस्त भाग असतो. अडचणींना त्यानंतर सुरुवात होते.

नौकेसाठी मुद्दाम अभिकल्पिलेली (आराखडा करून बनविलेली) मध्यम शक्तीची एंजिने फार थोडी आहेत. विहारनौकांच्या सर्वसाधारण आकारमानासाठी लागणाऱ्या ५० ते ४०० अश्वशक्तीच्या एंजिनांची सागरी मागणी अल्प, तर मालमोटारींची मागणी प्रचंड असते. त्यामुळे कारखानदारांनीही बहुधा मोटारवाहनांचे अथवा शेतीच्या व बांधकामाच्या यंत्रांचे एंजिन घेऊन त्याचे सागरी रूप बाजारात आणले. कारखान्यात झालेले असे रूपांतर आणि मोडीत निघालेल्या ट्रकमधील एंजिन उचलून एखाद्या हौशी नौकामालकाने स्वतः केलेले रूपांतर यांत तत्त्वाचा भेद नाही. भेद आहे तो तपशिलांच्या पूर्णतेचा.

इतिहास : मोटारीची एंजिने स्वस्त होताच ती होड्यांत बसू लागली. अमेरिकेत १९०८ मध्ये निघालेल्या फोर्ड टी मोटारीच्या एंजिनाचीही अशी रूपांतरे झाली. डीझेल एंजिनांच्या बाबतीत या विषयातील महत्त्वाचे उदाहरण म्हणजे जनरल मोटर्स कंपनीची १९३८ साली आलेली ‘७१’ मालिका होय. प्रत्येक सिलिंडराचे आकारमान ७१ घ. इंच (सु. १·१६ लिटर) असलेली ही द्विधाव (दोन टप्प्यांची) एंजिने बस व मालमोटार यांसाठी वापरली गेली. डिट्रॉइटच्या ग्रे मरीन कंपनीने त्यांतील सहा सिलिंडरांच्या एंजिनाला सागरी साज चढविला आणि दुसऱ्या महायुद्धात हिगिन्झ नावाने प्रसिद्ध असलेल्या सु. ११ मी. लांबीच्या सैन्य उतरविणाऱ्या नौकांत ते २२५ अश्वशक्तीचे एंजिन बसविण्यात आले. युद्धानंतर ही एंजिने शिलकी सामान म्हणून विकली गेली व मासेमारी नौकांत आणि यॉटींत अनेक दशके चालत राहिली.

यानंतरचे उदाहरण फोर्ड कंपनीच्या ब्रिटिश शाखेचे. तिच्या मालमोटारींसाठीच्या सहा सिलिंडरी, ६·२ लिटर आकारमानाच्या डीझेल एंजिनाचे अमेरिकेतील लेमन कंपनीने रूपांतर केले. १२० अश्वशक्तीचे हे ‘फोर्ड लेमन’ एंजिन ग्रँड बँक्स या प्रसिद्ध विहारनौकांत व त्यांच्यासारख्या इतर नौकांत फार मोठ्या प्रमाणावर बसविले गेले. त्याची कामगिरी पाहता मालमोटारीचे एंजिन समुद्रावर टिकत नाही, या समजुतीला आधार उरत नाही. मूळ एंजिनाने क्वचितच दगा दिला. दुरुस्त्या कराव्या लागल्या त्या तेलशीतक, उष्णता विनिमयक, निष्कासनळीचा कोपरा अशा नंतर जोडलेल्या भागांच्या. इंग्लंडमधील कालव्यांवरच्या अरुंद नौकांत बीएमसी कंपनीचे दीड लिटरचे हलक्या वाहनांचे डीझेल एंजिन दीर्घकाळ लोकप्रिय होते. याच घराण्यातील १,४८९ घ. सेंमी.चे एंजिन भारतात डीझेलवर चालणाऱ्या अँबॅसडर मोटारीत आले, हे येथे नमूद करण्यासारखे आहे. पेट्रोल एंजिनांत शेव्हरोलेच्या मोटारी व हलके ट्रक यांतील आठ सिलिंडरी व्ही-एंजिन हे अमेरिकन विहारनौकांचे जणू सार्वत्रिक एंजिन ठरले. डीझेलमध्ये ते स्थान कमिन्स कंपनीच्या ५·९ लिटरच्या ‘६बीटी’ एंजिनाला मिळाले. १९८९ च्या मॉडेलपासून डॉज कंपनीच्या ट्रकमध्ये ते बसविले गेल्यामुळे मोडीच्या बाजारात ते विपुल आले, आणि पेट्रोल एंजिन काढून त्याजागी हे एंजिन बसविण्याची प्रथा पडली.

भाराचे स्वरूप : रस्त्यावरील ट्रक आणि पाण्यावरील नौका यांत एंजिनाच्या दृष्टीने मूलभूत फरक आहे. ट्रकला चढावर पूर्ण शक्ती लागते, सपाटीवर तिचा अंश पुरतो आणि उतारावर तर एंजिन विश्रांतीच घेते. शिवाय दंतचक्रपेटीतील अनेक गतींमुळे भार व फेरे यांचा मेळ चालकाला सतत घालता येतो. नौकेला उतार नसतो आणि तिच्या दंतचक्रपेटीत पुढे जाण्याची एकच गती असते. मळसूत्री पंख्याला लागणारी शक्ती स्थूलमानाने फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. मिनिटास २,६०० फेऱ्यांना २१० अश्वशक्ती शोषणारा पंखा २,००० फेऱ्यांना सु. ९५ आणि १,३०० फेऱ्यांना केवळ २६ अश्वशक्ती घेतो. म्हणजे मंद गतीत एंजिनाजवळ शक्तीचा मोठा साठा पडून असतो व अखेरच्या काही शे फेऱ्यांत तो एकदम संपतो.

यामुळे नौका कोणत्या जातीची आहे हा प्रश्न एंजिनाच्या निवडीआधी सुटला पाहिजे. पाणी सारीत जाणाऱ्या जड नौकेचा वेग तिच्या जलरेषेवरील लांबीने मर्यादित होतो. हा वेग नॉटमध्ये, मीटरमधील लांबीच्या वर्गमुळाच्या सु. २·४३ पट असतो, ९ मी. लांबीच्या नौकेला तो ७·३ नॉट पडतो. यापुढे अधिक शक्ती खर्चून केवळ मोठी लाट उठते. अशा नौकेत २०० अश्वशक्तीचे ट्रक-एंजिन बसविणे म्हणजे ते जन्मभर अर्धपोटी चालविणे होय. अल्पभारावर सतत चालणाऱ्या डीझेल एंजिनात काजळी साचते, सिलिंडरांचे अस्तर गुळगुळीत होऊन तेल जळू लागते. याउलट पाण्याच्या पृष्ठावर उचलून धावणाऱ्या नौकेत तेच एंजिन तासन्‌तास ७०-८० टक्के भाराखाली राहते. ट्रकमध्ये अशी पाळी क्वचितच येते, आणि ट्रकमध्ये लाखो किमी. चाललेले एंजिन नौकेत काही शे तासांत जळाल्याच्या तक्रारींचे मूळ बहुधा येथे असते.

शक्तीचे आकडेही जपून वाचावे लागतात. उपरोक्त ६बीटी एंजिन डॉज ट्रकमध्ये १६० अश्वशक्तीचे होते, तर त्याची सागरी आवृत्ती २१० अश्वशक्तीची होती. समुद्राच्या पाण्यामुळे शीतन मुबलक मिळते व विहारनौका वर्षातून थोडेच तास चालते, म्हणून हे शक्य होते. अशा विहारोपयोगी मूल्यांकनात पूर्ण शक्ती दर आठ तासांत सु. एका तासापुरतीच वापरावयाची असते. ट्रक-एंजिनाचा अंतःक्षेपण पंप नुसता पिळून एवढी शक्ती काढू पाहणाऱ्याने सागरी आवृत्तीत दट्टे, टर्बोचार्जर व अंतःक्षेपक कोणते आहेत हे आधी ताडून पाहिले पाहिजे. या एंजिनाच्या जुन्या प्रतींत कालनियमन दंतचक्रांच्या आवरणातील एक लहान पोलादी खुंटी सैल होऊन चक्रांत पडण्याचा दोष आहे. एंजिन नौकेबाहेर असताना ती पत्रीने अडकवून टाकणे हे काही तासांचे काम. नौकेत बसविल्यावर तेच काम कित्येक दिवसांचे होते.

शीतन : ट्रकमध्ये रेडिएटरातून वाहणारी हवा उष्णता नेते. बंदिस्त एंजिनखणात अशी हवा नसते. शाफ्टवर १०० किवॉ. शक्ती देणारे डीझेल एंजिन त्याच्या निम्म्याहून अधिक उष्णता शीतक पाण्यात सोडते. समुद्राचे पाणी थेट एंजिनाच्या ठोकळ्यातून फिरविणे हा सर्वांत जुना उपाय. परंतु सु. ६०° से. च्या वर खाऱ्या पाण्यातील क्षार पोपड्यांच्या रूपाने साचतात, त्यामुळे एंजिन प्रमाणाबाहेर थंड ठेवावे लागते आणि बीड व ॲल्युमिनियम यांचे संक्षारण होते ते वेगळेच. म्हणून आता दुहेरी मंडल वापरतात. एंजिनात गोठणरोधक मिसळलेले गोडे पाणी ८०°-९०° से. ला फिरते व उष्णता विनिमयकात ते आपली उष्णता समुद्राच्या पाण्याला देते. विनिमयकातील नळ्या तांबे व निकेल यांच्या मिश्रधातूच्या असतात. निरनिराळ्या धातू खाऱ्या पाण्यात एकत्र आल्याने होणारे गॅल्व्हानीय संक्षारण आवरण्यासाठी त्यात जस्ताची कांडी बसवितात. ती स्वतः झिजून इतर भागांना वाचविते. कांडी झिजली नाही तर समाधान मानू नये. ती बहुधा विद्युत् दृष्ट्या जोडलीच गेलेली नसते.

समुद्राचे पाणी ओढणारा पंप ट्रक-एंजिनावर नसतोच. तो पट्ट्याने किंवा दंतचक्राने नव्याने चालवावा लागतो. त्यातील रबरी पात्यांचे चक्र कोरडे चालल्यास मिनिटभरातच खराब होते व तुटलेली पाती विनिमयकाच्या तोंडाशी अडकून बसतात. कालव्यांतील व गाळाच्या नद्यांतील नौकांसाठी वेगळा मार्ग आहे. पोलादी बुडाच्या आतील बाजूस चपटी टाकी सांधून तीतून एंजिनाचे पाणी फिरवितात. इंग्लंडमध्ये अशा टाकीसाठी दर चार अश्वशक्तीस सु. एक चौ. फुट पृष्ठ हा ठोकताळा आहे. बाहेरचे पाणी आत घ्यावेच लागत नसल्याने गाळ अडकण्याचा प्रश्न राहत नाही.

ट्रकमधील टर्बोचार्जराने दाबलेली हवा समोरून येणाऱ्या वाऱ्याने थंड होते. नौकेत तो हवेचा शीतक निरुपयोगी असून त्याजागी समुद्राच्या पाण्याचा शीतक लागतो. खणात हवा येण्याच्या वाटाही पुरेशा हव्यात. ६·२ लिटरचे साधे चतुर्धाव एंजिन मिनिटास २,५०० फेऱ्यांना सु. ७ घ. मी. हवा ओढते, टर्बोचार्जर असल्यास याहून बरीच अधिक. खणाच्या भिंतींना ध्वनिरोधक लावताना नेमक्या याच वाटा बुजविल्या जातात.

निष्कास : रूपांतरातील सर्वांत धोक्याचा भाग हाच. पूर्ण भाराखाली डीझेलचे निष्कास वायू ५००° से. च्या पुढे जातात. ट्रकखाली वाऱ्यावर असलेली उघडी निष्कासनळी लाकूड, रेझीन व इंधननळ्या यांच्या सान्निध्यात बंद खणात आली, तर आगीला आमंत्रणच मिळते. म्हणून निष्कास बहुनलिका व टर्बोचार्जराचे आवरण पाण्याच्या जाकिटाचे घेतात किंवा त्यांना उष्णतारोधक वेष्टन घालतात. त्यानंतरच्या कोपऱ्यात विनिमयकातून आलेले समुद्राचे पाणी वायूंत फवारले जाते. वायू एकदम निवतात आणि पुढची वाट रबरी नळीने नेता येते.

पाणी व एंजिन यांना इतक्या जवळ आणण्याची किंमत मात्र मोजावी लागते. फवारणीचा कोपरा जलरेषेच्या पुरेसा वर नसेल, तर एंजिन थांबल्यावर वक्रनलिकेच्या क्रियेने पाणी हळूहळू आत शिरून उघड्या झडपेवाटे सिलिंडरात पोहोचते. पाणी दाबले जात नाही; पुढच्या वेळी स्टार्टर फिरविताच संयोग दांडा वाकतो. कोपरा खाली ठेवणे अटळ असेल तेथे पाण्याची नळी उंच वळशाने नेऊन वळशाच्या माथ्यावर हवा घेणारी झडप बसवितात. ती मिठाने चिकटते, म्हणून वर्षातून एकदा तरी उघडून धुवावी लागते. एंजिन सुरू होत नसताना स्टार्टर वारंवार फिरवीत राहणे हेही याच कारणाने घातक आहे : पंप पाणी आणीत राहतो आणि ते बाहेर फेकणारे वायू नसतात.

पेट्रोल एंजिनाचा विशेष धोका : पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ट्रकमधून गळलेले पेट्रोल रस्त्यावर पडते व उडून जाते. नौकेत ते बुडातील पोकळीत साचते आणि तेथून वाफ निघून जाण्यास वाट नसते. मोटारीचा स्टार्टर, प्रत्यावर्तक व ठिणगी वितरक यांच्या आत ठिणग्या पडतात आणि त्यांची आवरणे उघडी असतात. सागरी प्रकारच्या साहित्यात आत पेटलेली वाफ बाहेरील वाफेला पेटवू शकणार नाही अशी रचना असते. दोन्ही बाहेरून सारखे दिसतात, किंमतीत मात्र मोठे अंतर असते, आणि काटकसरीचा मोह नेमका येथे होतो. सागरी कार्ब्युरेटर भरून वाहिल्यास पेट्रोल बाहेर न सांडता एंजिनातच जाते. त्याच्या तोंडावर ज्वालारोधक जाळी असते. इंधनपंपाचा पडदा दुहेरी असतो. एंजिन सुरू करण्यापूर्वी काही मिनिटे पंखा चालवून खणातील वाफ काढून टाकणे हा नित्याचा नियम आहे. अमेरिकेत १९७१ च्या संघीय नौका-सुरक्षा कायद्यान्वये केलेल्या नियमांनी पेट्रोल एंजिनांच्या खणातील विद्युत् साहित्य व वायुवीजन यांवर ही बंधने घातली. ज्याला या साहित्याचा खर्च झेपत नाही, त्याने मोटारीचे पेट्रोल एंजिन नौकेत बसवू नये; येथे मधला मार्ग नाही. कार्बन मोनॉक्साइडाचा धोकाही पेट्रोल एंजिनातच अधिक असून मागून वळून येणाऱ्या वाऱ्याबरोबर हा गंधहीन वायू केबिनमध्ये शिरतो.

शक्तिप्रेषण व बैठक : ट्रकचा क्लच व दंतचक्रपेटी काढून टाकावी लागते. त्याजागी पुढे, मोकळी व मागे अशा तीन अवस्था असलेली सागरी दंतचक्रपेटी येते. ती फेरे १·५ ते ३ पटींनी कमी करते आणि पंख्याचा नौकेला पुढे ढकलणारा रेटा पेलते. हा रेटा भुजादंडावर येऊ देणे चालत नाही. प्रचक्र व पेटी यांमध्ये स्प्रिंगांची अथवा रबराची पीळशामक तबकडी बसवितात. डीझेलचे स्पंदन तबकडीखेरीज थेट पेटीत गेल्यास मंद फेऱ्यांवर खडखडाट होतो व दाते झिजतात. प्रचक्राचे आवरण प्रमाणित मापाचे असेल तर पेटी सरळ जुळते. नसेल तर मधले कडे बनवून घ्यावे लागते. ट्रक-एंजिन निवडताना आवरणाचे माप आधी पाहण्याचा सल्ला अनुभवी कारागीर देतात, तो यासाठीच.

पंख्याचा दंड तिरपा असल्याने एंजिनही काही अंश मागे झुकलेले राहते. ट्रकची तेलाची तळटाकी सपाट रस्त्याच्या हिशेबाने केलेली असते. तिची खोली पुढील बाजूस असल्यास तिरपे एंजिन शोषनळीपासून तेल दूर नेते. अशा वेळी टाकी बदलावी लागते व तेल मोजण्याच्या पट्टीवरील खुणा नव्याने आखाव्या लागतात. खालून तेल काढण्यास जागा नसते, म्हणून वरूनच ते ओढून घेणारा लहान पंप जोडतात. एंजिन व दंड यांच्या जोडतबकड्यांमधील फट सर्व बाजूंनी ०·१ मिमी. पर्यंत सारखी यावी लागते. ही जुळणी नौका पाण्यात असतानाच करावी. गोदीत आधारावर उभी असलेली नौका पाण्यात उतरल्यावर किंचित आकार बदलते आणि काठावर साधलेली अचूकता फुकट जाते.

वजनाचाही विचार करावा लागतो. ६बीटी एंजिन दंतचक्रपेटीखेरीजच साडेचारशे किग्रॅ.च्या आसपास भरते. पेट्रोल एंजिनासाठी आखलेल्या हलक्या नौकेत ते बसविल्यास मागची बाजू दबते, जलरेषा बदलते आणि निष्कासाचे तोंड पाण्याजवळ येते. एंजिन बसविण्याचे तुळईवजा आधारही नव्याने मजबूत करावे लागतात.

नवी एंजिने व कायदा : यांत्रिक अंतःक्षेपण पंपाच्या एंजिनाला चालण्यासाठी केवळ स्वच्छ डीझेल लागते. त्यानंतरच्या ट्रक-एंजिनांचे नियंत्रण इलेक्ट्रॉनिक असून त्याला दंतचक्रपेटी, वाहनाचा वेग व निष्कासशुद्धी यांविषयीचे संकेत अपेक्षित असतात. ते न मिळाल्यास एंजिन शक्ती कमी करून घेते. भर समुद्रात, खडकांच्या वाऱ्याकडील बाजूस असताना असे होणे जिवावर बेतू शकते. त्यामुळे हौशी रूपांतरासाठी जुन्या यांत्रिक एंजिनांनाच अजून पसंती आहे. यूरोपीय संघाने विहारनौकांविषयीचा पहिला निर्देश १९९४ साली काढला. त्याजागी २०१३ चा निर्देश आला असून त्यात निष्कास व आवाज यांच्या मर्यादा आहेत. भारतात अंतर्गत जलमार्गांवरील यांत्रिक नौकांना १९१७ च्या कायद्याऐवजी २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा लागू झाला आहे.

कोकणच्या किनाऱ्यावर विहारनौका थोड्या, पण मालमोटारीच्या एंजिनाचा सागरी संसार तेथे जुना आहे. हर्णै, मिरकरवाडा, मुंबईची ससून गोदी अशा बंदरांत येणाऱ्या यांत्रिक मासेमारी नौकांत अशोक लेलँडच्या ट्रक-एंजिनांवर आधारलेली एंजिने परिचयाची आहेत. रस्त्यावरचा मेस्त्री जाणतो तेच यंत्र, आणि सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात, हा त्यांचा मोठा लाभ होय. जड, मंदगती आणि ओढत्या जाळ्याच्या भाराखाली सतत चालणाऱ्या मासेमारी नौकेला कमी फेऱ्यांवर अधिक पीळ देणारे असे एंजिन चांगले मानवते. वेगवान विहारनौकेला ते तितकेसे मानवेल असे नाही.

चाचणी : रूपांतर पुरे झाल्यावर इंधन व माणसे यांचा पूर्ण भार घेऊन नौका समुद्रात न्यावी व एंजिन पूर्ण उघडावे. ते आपल्या निर्धारित फेऱ्यांपर्यंत किंवा किंचित पुढे गेले पाहिजे. २,६०० ऐवजी २,३०० वरच अडत असेल, तर पंखा मोठा अथवा त्याचा आटा अधिक आहे. या स्थितीत एंजिन प्रत्येक वेगाला प्रमाणाबाहेर ओझे ओढते, निष्कास काळा येतो व झडपा जळतात. बाहेर टाकल्या जाणाऱ्या पाण्याचे प्रमाण, निष्कास वायूंचा उलट दाब, टर्बोचार्जरापुढील वायूंचे तापमान आणि खणातील हवेचे तापमान यांची नोंद याच वेळी घ्यावी. पंख्याच्या दंडाची जुळणी पहिल्या सु. ५० तासांनंतर पुन्हा तपासावी, कारण एंजिनाखालील रबरी आधार तोवर दबलेले असतात.